मुलाकडची मंडळी बघायला सिंगापूरला

लोक मुलगी बघायला जातात. मी मुलाकडची मंडळी बघायला थेट सिंगापूर गाठलं.

माझी सई तिथे बँकेत नोकरी करते. तिने लग्न ठरवलंय तोमासशी. तो लिथुआनियाचा आणि पोटापाण्यासाठी बास्केटबॉल खेळतो. मधे वर्षभर सिंगापूरच्या एका संघात होता तेव्हा दोघांची ओळख झाली. आता तो परत आपल्या गावच्या जुन्या क्लबात आहे. सईचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे हो की नाही ते मीच सांगायचं. "आई, तू नाही म्हणालीस तर आम्ही थांबू," असं ती म्हणाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

मी फोनवर विचारलं, सिंगापूरला भेटायला त्याच्या घरचं कोण कोण येणार? "सगळे येतायत, बारा-पंधरा जण." बायका किती? "एकही नाही गं." मला काही उमजेना. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? लक्ष्मी रोडवरून टोप्या, उपरणी आणि शर्टपीस घेतले आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. व्हिसा एजंटकडून करून घ्या. शिवाय निघण्याआधी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. विमानतळावरून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते आणि तिकिटाऐवजी बँकेचं कार्डच टेकवलं की झालं. सई राहते ते चोआ चू कांग मात्र बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. बसून बसून पाय आखडले, पण गाडी गार आणि स्वच्छ होती, त्यामुळे तक्रार नाही.

सईच्या फ्लॅटवर पोचून मी बॅग उघडली, तेव्हा कुठे तिने खुलासा केला. येणार होती ती तोमासची टीम. मोसम सुरू व्हायच्या आधी मैत्रीचे सामने खेळायला सिंगापूरला आलेली.

"अगं, मग आईवडील?"

"आई तो लहान असताना गेली. वडील कुठे आहेत ते त्यालाही माहीत नाही. चौदाव्या वर्षापासून क्लबच्या हॉस्टेलवर वाढला. त्याची माणसं म्हणशील तर हीच."

मी कपाळाला हात लावला. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण हा प्रदेश काही माझ्या नकाशात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी आली. दारात बुटांचा हा ढीग. एकेका बुटात आमच्याकडचं मांजर आरामात झोपलं असतं. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी बाहेर येऊन बघतच राहिल्या. "वा, युअर फॅमिली आह? सो टॉल वन," त्या मला म्हणाल्या. मी नुसती हसले.

माणसं दारातून वाकून आत आली आणि खाली सतरंजीवर बसली, तर खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती बघता बघता संपली. सईला खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, पिटाळून शाकाहारी शेवया मागवल्या. हे जेवण स्वस्त आणि पोटभर असतं, पण तिखट वेगळं मागून घ्या. चहाला तिथे तेह म्हणतात आणि तो भलताच गोड असतो.

मग मी रीतीप्रमाणे विचारलं, "तोमास, तुमच्या घराण्याबद्दल सांग." आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाललं होतं. त्याने सांगायला सुरुवात केली ती क्लबची कुळकथा. गावातल्या कागद गिरणीच्या कामगारांनी तो काढला आणि गिरणीच्या गोदामात खेळायला लागले. पुढे गिरणी बंद पडली, क्लब राहिला. मग एका बँकेने पैसे दिले म्हणून बँकेचं नाव लागलं. बँक बुडाली, तेव्हा बिअरवाल्यांचं नाव आलं. मधेच शेजारच्या गावच्या क्लबात विलीन झाले, पटेना म्हणून वेगळे झाले. बनियन आधी निळे, मग पिवळे, आता हिरवे. माझ्या डोक्याचं पार भजं झालं. आमच्याकडे मुलीचं नाव लग्नात एकदाच बदलतं.

"नाव बदललं, रंग बदलला, मग क्लब तोच कसा?" मी विचारलं.

"तोच," सगळे एकदम म्हणाले. यात विचारण्यासारखं काय आहे, असे चेहरे.

मग एकेकाची ओळख झाली. तो मधला, पंख्याला हात लागेल असा, सर्बियाचा. कॅप्टन लाटवियाचा. चेंडू घेऊन पळणारा अमेरिकेचा, तो येऊन जेमतेम महिना झालेला. गावचे असे दोघंतिघंच. सर्बियावाल्याला शर्टपीस दिला, त्याने तो पोटाला लावून बघितला. त्यात त्याची एक बाही झाली असती. टोप्या मात्र सगळ्यांनी घातल्या आणि फोटो काढले. माणसं गोड होती, नाही म्हणवत नाही.

मी कॅप्टनला म्हटलं, "पुढच्या वर्षी पुण्याला लग्नाला यायचं." त्याने तोमासकडे बघितलं. कॅप्टनचा करार याच मोसमात संपत होता. अमेरिकावाल्याचाही.

"मग तुझ्याकडून येणार कोण?" मी तोमासला विचारलं.

"तेव्हा टीममध्ये जे असतील ते," तो अगदी सहज म्हणाला.

मला एकदम रागच आला. दर वर्षी बदलतात ती कसली माणसं? आमच्याकडे चुलत्याशी कोर्टात भांडण चालू असलं तरी तो चुलताच असतो, अक्षता टाकायला येतोच. आजारपणात, अडीअडचणीत माझ्या पोरीने कुणाचं दार वाजवायचं? सईने माझा चेहरा बघितला आणि भांडी उचलायला लागली.

कलांगला त्यांचा सामना होता. स्टेडियमला एमआरटीचं स्टेशन अगदी लागूनच आहे. आत एसी इतका की शाल न्याच. खेळातलं मला शून्य कळलं. शिट्टी वाजली की थांबायचं, पण का वाजली ते कुणी सांगेना. तोमास बहुतेक वेळ बाकावरच होता. सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायचा, टाळ्या वाजवायचा. शेवटी खेळायला घेतला तर चेंडूमागे धावताना खुर्च्यांमध्ये जाऊन पडला. मी उठेपर्यंत पाच-सहा जणांनी त्याला उचलून उभं केलं होतं, आणि अमेरिकावाला त्याचा गुडघा चाचपत होता. महिन्याभराची तर ओळख. घरी येताना गाडीत सईने विचारलं, "मग?" मी म्हटलं, "मला वेळ दे." ती बरं म्हणाली आणि खिडकीतून बघत बसली.

पुण्याला परतले. त्या गोड तेहची चव आणि बुटांचा ढीग आठवतो. नातेवाईक विचारायचे, मुलाकडची मंडळी कशी आहेत? मी म्हणायचे, उंच आहेत. यापलीकडे मलाच काही कळलं नव्हतं. सईचा फोन यायचा, पण ती विषय काढायची नाही. वाट बघणारं माणूस असं गप्प बसलं की फार त्रास होतो.

मग एका रविवारी तोमासचा फोन आला, पहिल्यांदाच, सईविना.

"काकू, क्लबने मला ठेवलं नाही. माझ्या जागी हॉस्टेलमधला एक नवा मुलगा घेतला. तुम्ही विचारलं होतं, माझ्याकडून कोण येणार. आता कुणीच नाही. उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला हे माहीत असावं, म्हणून फोन केला."

सईलाही त्याने अजून सांगितलं नव्हतं. आधी मला.

मी म्हटलं, "हे बघ, कन्यादान माझे भाऊ-वहिनी करणार आहेत. मी मोकळीच आहे. अंतरपाटाच्या वेळी तुझ्या मागे मी उभी राहीन."

मग त्याने विचारलं, "आणि सईच्या बाजूला कोण?"

"तिच्या बाजूला अख्खा हॉल आहे," मी म्हटलं.