पाखाडीवरची सायकल

रोह्यातले ते सायकलचे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. निवृत्तीनंतर पेणला रामवाडीतल्या आमच्या जुन्या घरी कायमचा राहायला आलो, तरी जुने सहकारी भेटले की चेष्टेने विचारतात, "साहेब, एका सायकलपायी एवढा तपास?" मी दरवेळी एकच उत्तर देतो. होय, केला. आजही करीन.

प्रकरणात कुणाचेही नाव घेत नाही. ज्यांच्यावर बेतले ते गृहस्थ आखातात पुष्कळ वर्षे एका कंपनीत फोरमन होते, म्हणून गावात सगळे त्यांना फोरमनच म्हणत. मीही तेच म्हणतो.

मी तेव्हा रोह्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता. म्हणाला, "आखातातून आलेला तो लंगडा रोज जाड चाकांच्या विजेच्या सायकलवरून डोंगरावर जातो. बागेचं नुसतं नाव हाय. खाली येताना माल आणतो. सायकलीला दुसऱ्या बॅटरीची पिशवी हाय, तिच्यात बघा." एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

निनावी खबर खोटी निघाली तरी तपासावीच लागते. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, दोन पंच आणि आमचे जुने हवालदार यांना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी थांबलो. वरून उतरणारी वाट म्हणजे जुनी पाखाडी, दगड बसवलेली, कुठे पायऱ्या, कुठे नुसता उतार. तिथून माणूस जपून उतरतो. फोरमन सायकलवरून उतरत आले. सीट अगदी खाली घेतलेली, दोन्ही हातांची बोटे ब्रेकवर, चेहरा शांत.

आम्ही थांबवले. झडती घेतली. पाठीवरच्या पिशवीत छाटणीची करवत, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली. फ्रेमच्या पिशवीत बॅटरी, आणि ती बॅटरीच होती. फोरमन एका दगडावर बसून सगळे बघत होते. हवालदार पिशवीचा पट्टा लावायला लागले तेव्हा ते म्हणाले, "तो राहू द्या, मी लावतो. पण साहेब, काय सापडलं नाय म्हणून पंचनाम्यात लिवा आणि मला एक प्रत द्या."

झडतीची प्रत मागणारा माणूस क्वचित भेटतो. अपराधी माणूस तिथून लवकर सुटायला बघतो.

तरीही वाहनाची चौकशी बाकी होती. मी त्यांना ठाण्यात बोलावले आणि विचारले, "ही मोटारसायकल आहे की सायकल? नोंदणी कुठे आहे?"

"सायकलच. पायडल मारल्याबिगर मोटर चालत नाय. मोटर पाव किलोवॉटची, आणि पंचवीसच्या वेगाला मदत बंद. नोंदणी लागत नाय. परिवहनवाल्यांना विचारा."

"पण दुकानदार हिला फुल पॉवर म्हणतात."

"ती ताकद चढायची, साहेब. पळायची नाय."

परिवहन विभागाच्या निरीक्षकांना मी खरोखरच विचारून घेतले. फोरमनचे म्हणणे बरोबर होते. मग मी चहा मागवला आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावले, कारण आता मला त्या सायकलपेक्षा खबर देणाऱ्यात रस वाटू लागला होता.

आखातात क्रेनखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. परत आले ते कृत्रिम पाय घेऊन. डोंगरावर वडिलांनी लावलेली आंब्याची बाग होती, निम्मी त्यांची, निम्मी चुलतभावाची. बागेपर्यंत पूर्वी जीप जाईल असा कच्चा रस्ता होता. मधली जमीन पेणच्या एका प्लॉटिंगवाल्याने घेतली आणि रस्त्यावर फाटक ठोकले. तहसीलदारांकडे दावा चालू होता. तोवर उरली ती पाखाडी. एका पायाचा माणूस रोज पाखाडी चढणार नाही, बाग ओस पडेल, मग आपणच विकायला येईल, असा हिशेब सगळ्यांनी मांडला होता.

"सगळे म्हनले, विका," फोरमन सांगत होते. "मी म्हनलं, पाय गेला, बाग कशाला घालवू?"

त्यांनी मुंबईच्या दुकानातून दोन सायकली चाचणीसाठी टेम्पोत घालून इथे आणवल्या होत्या. दुकानातला माणूस रंग दाखवत होता, आणि ह्यांचा प्रश्न एकच, चढावर मध्येच थांबलो तर तिथूनच पुन्हा सुटते का? कारण कृत्रिम पायाने सायकल ढकलत नेणे त्यांना जमणार नव्हते. हलक्या मोटरची सायकल उचलायला बरी, पण पाठीवर फवारणीच्या औषधाचा पंप घेऊन पाखाडीवरच्या झऱ्याच्या वळणापर्यंत गेली आणि तिथे तिने दम सोडला. जड, पूर्ण ताकदीची दुसरी सायकल त्याच वळणावर थांबवली, पुन्हा पायडलवर जोर दिला, आणि ती चढली. तिथेच निर्णय झाला.

मग तिच्यात आपल्याला हवे ते बदल. डाव्या पायडलचा दांडा आखूड, म्हणजे गुडघा कमी वाकतो. त्या पायडलवर लोहचुंबक, बूट घट्ट धरणारा, पण टाच वळवली की सोडणारा. पुढचे दातेरी चाक लहान, ब्रेकच्या चकत्या मोठ्या, टायर जाड कातडीचे. अंगठ्याने कळ दाबली की सीट खाली जाते, म्हणजे कुठेही पाय टेकता येतो. डाव्या पायाचा दाब कमी आणि उजव्याचा जास्त, त्यामुळे सुरुवातीला मोटर हिसके द्यायची. ती मदत हळू सुरू व्हावी म्हणून मोबाइलवरून रोज थोडी थोडी जुळवत त्यांनी महिना घालवला. हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठेही स्वतःबद्दल कीव नव्हती. शिंपी सदऱ्याचे माप सांगतो, तसे ते बोलत होते.

मी त्यांना सोडले. पुढच्याच आठवड्यात ते पडले.

बागेतून उतरताना वरच्या वळणावर दोन्ही ब्रेकचे खटके हातात सैल आले. पुढे दरी होती. त्यांनी सायकल मुद्दाम करवंदीच्या जाळीत घातली, म्हणून वाचले. गळपट्टीचे हाड मोडले, तोंड ओरबाडले. लोकांनी खाली आणून सरकारी रुग्णालयात दाखल केले.

मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नळ्या फुटल्या नायत. कापल्यात. सकाळी घरी मी ब्रेक दाबून बघितलेला. वर बागेत सायकल झाडाखाली होती, मी पलीकडे छाटणी करत होतो."

आमच्या हवालदारांनी आपुलकीने भाभींना, म्हणजे फोरमनच्या पत्नीला, सांगितले, "भाभी, काही दिवस त्या वाटेला जाऊ देऊ नका. जीव मोठा."

भाभी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "म्हनजे ज्यानं कापलं त्याचं काम तुम्हीच पुरं करताय की."

मी तो शब्द मनात ठेवला.

घटनास्थळी पंचनामा केला. ब्रेकच्या नळ्यांतून लालसर तेल वाहून फ्रेमवर वाळले होते. नळ्या घासून झिजलेल्या नव्हत्या. दोन्ही एकाच जागी, धारदार पात्याने अर्ध्या चिरलेल्या होत्या. पूर्ण कापल्या असत्या तर निघतानाच कळले असते. अर्ध्या चिरल्या की जोरात ब्रेक दाबेपर्यंत कळत नाही, आणि जोरात ब्रेक दाबतात तो उतारावर. हे करणाऱ्याला सायकल ठाऊक होती.

त्याच दिवशी वजनदार माणसांचे फोन सुरू झाले. "सायकलवरून पडला, अपघात नोंदवा की." मी जिवावर बेतेल असे कृत्य केल्याचा गुन्हा नोंदवला आणि तपास स्वतःकडे ठेवला.

मला सारखे त्या निनावी खबरेतले एक वाक्य आठवत होते. रुग्णालयात जाऊन मी फोरमनना विचारले, "दुसरी बॅटरी कधीपासून नेता?"

"तुम्ही अडवलंत ना, तो पहिलाच दिवस. आदल्या संध्याकाळी घरच्या पडवीत पिशवी बसवली."

"त्या वेळी तिथे कोण होते?"

फोरमन छताकडे बघू लागले. भाभी बोलायला लागल्या तशी ते म्हणाले, "थांब गो."

"मी नाय थांबत," भाभी म्हणाल्या. "साहेब, मी होते आणि ह्यांचा चुलतभाऊ होता. पट्टा त्यानंच धरला होता. हे बकल लावत होते."

दुसरी बॅटरी आहे हे त्या सकाळपर्यंत जगात तिघांनाच माहीत होते. खबर देणारा त्यांतलाच, किंवा त्याच्याकडून ऐकलेला.

निनावी फोनचा क्रमांक शोधला तो खांब गावाला हायवेवर चहाची टपरी चालवणाऱ्याचा निघाला. टपरीवाला म्हणाला, "एक गिऱ्हाईक आलं, बोललं मोबाइल बंद पडलाय, एक फोन करू द्या. दिला." ओळखपरेड झाली. त्याने चुलतभावावर बोट ठेवले.

त्याला मी माझ्या खोलीत बसवले. दार उघडे ठेवले. माझ्या अनुभवात मारून बोलता केलेला माणूस न्यायालयात हसतो. मी फक्त विचारले, "पाय गेल्यावर भाईला विमानतळावरून कोणी आणले?"

"मी."

"पहिल्यांदा सायकलवर बसवले तेव्हा मागून कोणी धरले?"

तो म्हणाला, "मीच धरलं. साहेब, तो पडून मरावा असं माझ्या मनात नव्हतं. सायकल मोडावी एवढंच. तो वर जायचा थांबत नाय, माझी निम्मी बाग कोन घेत नाय. प्लॉटिंगची पार्टी बोलली, घेऊ तर अख्खी घेऊ. मला पेणला जायचं होतं. पोरं तिथं शिकली असती."

"म्हणून आधी आमच्याकडून सायकल जप्त करवायची होती?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे मला ठाऊक होते. पण त्याने गोठ्याच्या आढ्यात खोचलेला कलमे बांधायचा चाकू पंचांसमक्ष काढून दिला. पात्याच्या खाचेत तेच लालसर तेल होते. प्रयोगशाळेचा अहवाल जुळला. अटक झाली.

प्लॉटिंगवाला माझ्या सुट्टीच्या दिवशी रामवाडीत घरी आला. "आपण एकाच गावचे, साहेब. भावाभावांची भांडणं आपण कशाला वाढवायची?" मी त्याला चहा दिला आणि सांगितले, "हा पिऊन जा. उद्या ठाण्यात जबाबाला या. न आल्यास समन्स घरी येईल." तो आला. कट सिद्ध करण्याइतका पुरावा त्याच्याविरुद्ध मला मिळाला नाही. हे मी लपवत नाही. पण त्या दिवशी ठाण्याच्या बाकावर तो इतर लोकांसारखा नंबराने बसला, हेही मी विसरलेलो नाही.

मात्र खरी अडचण पुढेच होती. सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी. फोरमन गळ्यात हात बांधून रोज यायचे. "सायकल तुमच्या ताब्यात, मी खाली, म्हनजे जिंकलं कोन?" बागेला मोहोर फुटायला लागला होता, फवारणी झाली नाही तर हंगाम जाणार होता. चिरलेल्या नळ्या तेवढ्या पुरावा म्हणून काढून सीलबंद केल्या, छायाचित्रे जोडली, आणि सायकल परत देण्यास हरकत नाही असे न्यायालयाला लेखी कळवले. मागाल तेव्हा हजर करीन, अशा सुपुर्दनाम्यावर सायकल सुटली.

सुटली खरी, पण चालवणार कोण? मोडलेल्या हाडाने हँडल धरवत नव्हते. गडी पाखाडीने पंप घेऊन चढायला नाही म्हणत होते, बहुधा कुणी तरी त्यांना दम भरला असावा. तेव्हा भाभींनी सांगितले, मी चालवते. लहानपणी त्या शाळेत सायकलने जात असत. फोरमन पडवीत खुर्ची टाकून बसले आणि एका हाताने दाखवत गेले. आखूड दांडा काढून दुसऱ्या बाजूसारखा लावला, चुंबकाचे पायडल बदलले, सीट खाली केली, हँडल जवळ घेतले, मोटरची मदत पुन्हा नव्याने जुळवली. नव्या नळ्यांवर पोलादी जाळीचे वेष्टन चढवले. नातेवाईक समजवायला आले की बाईमाणसाला हे शोभत नाही. भाभी म्हणाल्या, "बाग माझी पन हाय. शोभा तुम्ही सांभाळा."

आता हे प्रकरण मला काय शिकवून गेले ते सांगतो. धमकी मिळालेल्या माणसाला आपण सगळे, पोलीससुद्धा, सहज सांगतो, जपून राहा, त्या वाटेने जाऊ नका. सल्ला प्रेमाचा असतो, पण फायदा गुन्हेगाराचा होतो. त्यानंतर माझ्या ठाण्यात मी तो सल्ला बंद केला. माणूस ज्या वाटेने जात होता त्याच वाटेने त्याला जाता आले पाहिजे. तिथे उभे राहणे हे आमचे काम.

म्हणून पहिल्या फवारणीच्या सकाळी मी आणि हवालदार पायथ्याशी होतो. भाभी आल्या. ओढणी कमरेला बांधलेली, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पंप. पाखाडीच्या तोंडाशी कुणी तरी बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या. प्लॉटिंगवाल्याचा रखवालदार शेजारच्याच फाटकाशी उभा राहून बघत होता. हवालदार पुढे झाले, पण भाभींनी त्यांना हातानेच थांबवले. सायकल लावली, एकेक फांदी उचलली आणि फाटकाच्या आत, रखवालदाराच्या पायाशी नेऊन टाकली.

मग सायकलवर बसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "साहेब, लिवून घ्या. काटं मीच टाकलं. कुनाची तक्रार असंल तर संध्याकाळी घरी हाय मी."

आणि त्या पायडल मारून वर चढू लागल्या.