मेण्यातल्या अकरा बुड्या

कलकत्त्याच्या दत्तबाबूंच्या घरी थाकोमणीचा लौकिक मोठा. कसला, तर भक्तीचा! त्या बड्या घराण्यातल्या बायका गंगास्नानाला बंद मेण्यात बसून जायच्या. परपुरुषाची नजर पडेल ना! मग भोई बाईसकट मेणाच पाण्यात बुडवायचे. तीन बुड्या झाल्या की चला घरी. आणखी हवी असेल, तर बाईनं आतून फळी ठोकायची.

नऊ वर्षांची थाकोमणी लग्नानंतर पहिल्यांदा गंगेवर गेली. माहेरी नदीत दिवसभर डुंबणारी पोर, पण त्या काळोख्या पेटीत पाणी नाकातोंडात गेलं. घाबरून तिनं दोन्ही मुठींनी फळी बडवली. ती बडवतेय आणि भोई बुडवताहेत! अकरा बुड्या झाल्या. सासू म्हणाली, "काय बाई श्रद्धा पोरीची!" सगळ्या घरानं कौतुक केलं. थाकोमणी गप्प बसली, ती पुढची तीस वर्षं.

आज तिच्या सुनेचं, शैलबालेचं पहिलं स्नान. "श्वास धरून बस, काही झालं तरी ठोकू नकोस," एवढं तिनं बजावलं होतं. का ते सांगायला मात्र तिची जीभ रेटली नव्हती.

सुनेचा मेणा पाण्यात गेला. थाकोमणीचा मागे पायरीवर टेकलेला. तिला टकटक ऐकू आली, मग धडधड.

"गिन्नीमांचीच, आपल्या मालकिणीचीच सून ही!" थाकोमणीलाही त्या पहिल्या स्नानाला बुडवणारा म्हातारा गोकुळ भोई हौसेनं ओरडला. "बुडवा रे अजून!"

थाकोमणीनं दार सरकवलं आणि भर घाटावर, उघड्या डोक्यानं, ती धावत पाण्यात शिरली. "वर काढा मेल्यांनो! पोर मरतेय माझी!"

तोंड फिरवावं की मेणा उचलावा, भोयांना कळेना. तिनंच दार ओढून सुनेला बाहेर काढलं. पोर खोकली, रडली, तिच्या गळ्यात पडली.

"आई, घरी काय म्हणतील?"

"म्हणू देत. जीव वाचला तुझा, बाई!"

सुनेला पायरीवर बसवून थाकोमणी परत पाण्यात उतरली आणि खुशाल पोहू लागली. हातपाय काहीएक विसरले नव्हते. काय बरं वाटलं तिला!

गोकुळ मान खाली घालून म्हणाला, "गिन्नीमा, म्हणजे तुमच्या त्या अकरा बुड्या...?"

"पहिल्या तीन गंगेच्या," ती हसली. "बाकीच्या आठ तुझ्या, मेल्या!"