तिनाहास गल्लीतून बंब नेणारा माणूस

रुपेर्तो बाहामोंदेसला कसलाही गर्व नव्हता, एक गोष्ट सोडून. तिनाहास गल्लीतून आगीचा बंब वरपर्यंत नेणारा अख्ख्या वाल्पाराइसो शहरात तो एकटाच होता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

आमची गल्ली मेंब्रीयो टेकडीवर चढते. खाली बेकरी, अगदी वर एल्बाआजीचं निळ्या पत्र्याचं घर, आणि मधला चढ असा की पाहुणे आले की पहिली पाच मिनिटं बोलतच नाहीत, नुसते धापा टाकतात. रस्ता मुळात गाढवांसाठी केलेला. त्याच्या एका अंगाला आम्ही तेवीस गाड्या लावायचो. अर्धी चाकं पदपथावर, आरसे मुडपलेले. उरलेल्या फटीतून दुसरी गाडी कशीबशी जायची. बंब जाणं शक्यच नव्हतं. रुपेर्तो मात्र न्यायचा.

पोटापाण्यासाठी त्याने तीस वर्षं टेकड्यांवरची बस चालवली. बंबाचं काम बिनपगारी. आमचे बंबवाले सगळे हौशी. कोणी वकील, कोणी सुतार. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावत सुटतात. रुपेर्तो चोविसाव्या वर्षी पथकात शिरला आणि बासष्टीला आला तरी स्टिअरिंग सोडायला तयार नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की तो मान खिडकीबाहेर काढायचा, गिअर बदलायचा आणि ओरडायचा, "पोटं आत!"

लगेच आतले सहाही बंबवाले श्वास रोखून पोट आत घ्यायचे. त्याने बंब किती बारीक होत असेल देव जाणे. पण दोन्ही अंगांना तीन-तीन बोटं जागा ठेवून तो वर पोचायचा, आणि आजवर कोणाच्या गाडीवर ओरखडा उठला नव्हता.

एकदा तो धाकट्या मेहुणीच्या लग्नाला दक्षिणेत गेला, आणि नेमकं त्याच आठवड्यात एल्बाआजीच्या स्वयंपाकघरात तेलाने पेट घेतला. बंब आला, बेकरीपाशी थांबला, आणि तिथेच राहिला. पथक नळ्या खांद्यावर टाकून चढ चढलं. तोवर आजीचं स्वयंपाकघर आणि मागची खोली गेली. आजी मांजराला काखोटीला मारून वेळेत बाहेर पडली होती, म्हणून निभावलं.

दुसऱ्याच दिवशी पथकाचा प्रमुख, कॅप्टन सेगोव्हिया, याने नगरपालिकेत अर्ज दिला. तिनाहास गल्लीत गाड्या लावायला बंदी करा.

गल्लीत एकच बोंब उठली. मी तेव्हा वस्तीच्या मंडळाची चिटणीस. खरं सांगते, आमच्या बाजूचा अर्ज मीच लिहिला, कारण खालून सातवी गाडी माझी होती. आमचा अध्यक्ष नोर्बेर्तो. त्याचं केस कापायचं दुकान गल्लीतच, आणि दुकानासमोर त्याचा पिकअप, सगळ्यात रुंद. तो मला सांगत होता, "लिही. बंब अडतीस वर्षं जातोय. आता काय रस्ता आटला का?" मी लिहिलं. मुद्दा बिनतोड होता.

नगरपालिकेच्या वाहतूक समितीपुढे दोन्ही अर्ज गेले. अध्यक्षा ओयार्सूनबाई. कडक बाई, चष्मा साखळीला लावलेला. त्यांनी कॅप्टनला विचारलं, "जातो की नाही?"

"नाही."

नोर्बेर्तोला विचारलं.

"जातो."

"मग शुक्रवारी अकरा वाजता जाऊन दाखवा," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून शुक्रवारपर्यंत रुपेर्तोला क्षणाचा निवांतपणा मिळाला नाही. त्याची थोरली बहीण ओतिलिया त्याच्याच घरी राहायची. नवरा गेल्यापासून तिची छोटी पिवळी गाडी गल्लीच्या वळणावर उभी असे. गाडी फक्त रविवारी चर्चला जायला निघायची, तेही चर्च चालत चार मिनिटांवर असून. ओतिलिया म्हणाली, "रुपेर्तो, माझी जागा गेली तर मी तुझ्या खोलीत गाडी लावीन." शेजारी सारण भरलेल्या गरम एम्पानादा घेऊन येत. कोणी उघड काही मागत नसे. "शुक्रवारी हात चांगला राहू दे, काका," एवढंच म्हणत, आणि बशी ठेवून जात.

गुरुवारी कॅप्टन आला. त्याने काही आणलं नव्हतं.

"रुपेर्तो, आयुष्यात एकदा, फक्त एकदा कुठेतरी घासव."

"घासवू?" रुपेर्तोचा चेहरा असा झाला, जणू आईला शिवी द्यायला सांगितलंय.

"हलकंच. कोणाच्या तरी दाराला. समिती बघेल, बंदी येईल, माणसं वाचतील."

"आणि लोक काय म्हणतील? बाहामोंदेस म्हातारा झाला?"

"तू गावाला गेलास की आजी जळेल, त्याचं काय?"

रुपेर्तोने खिडकीतून गल्लीभर नजर फिरवली. शेवटी म्हणाला, "नोर्बेर्तोचा पिकअप चालेल?"

"उत्तम."

शब्द दिला गेला. हे सगळं मला नंतर खुद्द त्यानेच सांगितलं.

शुक्रवारी सगळी गल्ली गॅलऱ्यांत. कोणीतरी अॅकॉर्डियन आणलं होतं. ओयार्सूनबाई आणि समितीचे दोघे जण वर एल्बाआजीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसले. बंब बेकरीपाशी दिसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रुपेर्तोने मान बाहेर काढली. "पोटं आत!"

तो वर आला. माझी गाडी गेली, बेकरीवालीची गेली. पिकअपपाशी आल्यावर बंब एकदम मंदावला. खांद्याला खांदा लावून बसलेला कॅप्टन पुटपुटत होता, "आता. आता घासव. आता रे!" रुपेर्तोचं कपाळ घामाने चमकत होतं. स्टिअरिंग एक केसभर उजवीकडे वळलं. आणि परत फिरलं. बंब पिकअपच्या बाजूने असा सरकला, जसा साबण ओल्या हातातून सरकतो. पुढे वळण, वळणावर ओतिलियाची पिवळी गाडी, तीही पार. बंब वर आजीच्या दाराशी थांबला. अॅकॉर्डियन सुरू झालं. ओयार्सूनबाईंनी वहीत लिहिलं: जातो.

कॅप्टन खाली उतरला आणि चालत निघून गेला.

रुपेर्तो मात्र अर्धा तास स्वर्गात होता. लोक पाठ थोपटत होते. मीही थोपटली. मग एल्बाआजी हळूहळू त्याच्याकडे आली. काखेत मांजर. ब्याऐंशी वर्षांची, जेमतेम त्याच्या छातीपर्यंत येणारी.

"छान नेलास रे बाळा," ती म्हणाली. "आता एवढंच कर. तू गावाला कधी कधी जाणार त्या तारखा मला लिहून दे. तेवढ्या दिवसांत मी काही तळणार नाही."

आजीच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. ती खरंच तारखा मागत होती. तिने खिशातून कागद आणि पेन्सिलही काढली.

रुपेर्तोने हातातली एम्पानादा तशीच गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि घरी गेला.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेला. नंबर घेतला, दोन तास बाकावर बसला. ओयार्सूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही तर जाऊन दाखवलंत. आता काय राहिलं?"

"बाई, मी खोटं बोललो."

"बंब गेला ना?"

"बंब नाही गेला. मी गेलो. रस्ता जात नाही, बाई. मी तिथला प्रत्येक खड्डा ओळखतो, म्हणून जातो. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला बसवा."

बाईंनी वही उघडली, पेन उचललं, खाली ठेवलं. "तुमच्या लोकांना आवडणार नाही हे."

"माझ्या बहिणीला तर मुळीच नाही," रुपेर्तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी दुसरी चाचणी. या वेळी चालवायला याकेलीन. पथकातली सगळ्यात चांगली चालक, दिवसा औषधांच्या दुकानात काम करायची, वय एकोणतीस. परीक्षा खरी हवी म्हणून ओयार्सूनबाई स्वतः बंबात चढल्या, सोबत समितीचे दोघे. रुपेर्तोला अट घातली होती: फुटपाथवर उभं राहायचं, बोलायचं नाही, खूण करायची नाही.

याकेलीनने वाईट चालवलं असं कोणी म्हणू नये. तिने सात गाड्या सफाईने मागे टाकल्या. माझी गाडी गेली तेव्हा मी टाळीसुद्धा वाजवली. मग पिकअप आला. एका बाजूला पिकअप, दुसऱ्या बाजूला दिव्याचा खांब. बंब पुढे गेला, कर्र असा आवाज झाला, आणि थांबला. मागे घेतला तर दुसऱ्या बाजूने कर्र. दोन्ही दारं उघडेनात. आत याकेलीन, ओयार्सूनबाई, समितीचे दोघे आणि चार बंबवाले, डब्यात भरलेल्या माशांसारखे.

"पिकअप काढा!" बाई खिडकीतून ओरडल्या.

नोर्बेर्तो दुकानातून बाहेर आला, हातात रंगाचा ब्रश. आत एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर अर्धा रंग लागलेला. "किल्ली बायकोकडे आहे. ती शेजारच्या शहरात, बिन्याला, गेलीय. फोन लागत नाहीये."

"कधी येईल?"

"सेल लागलाय," नोर्बेर्तो म्हणाला. याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. ऊन चढलं. बेकरीवालीने खिडकीतून गरम पाव आणि पाण्याची बाटली आत दिली. समितीतल्या एकाला घुसमटायला लागलं, त्याने टाय काढला. वरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली, "आत्ता कुठे आग लागली ना, तर बरंच होईल, बंब इथेच आहे."

मग लोक रुपेर्तोकडे वळले. "काका, काढा ना! तुमच्या डाव्या हातचा मळ आहे! नुसतं तिला सांगा कुठे वळवायचं!" नोर्बेर्तोने तर हात जोडले. याकेलीनही खिडकीतून बघत होती, डोळ्यांत पाणी. तिचा हात स्टिअरिंगवर, रुपेर्तोची नजर चाकावर. त्याला दिसत होतं. इंचभर मागे, मग पूर्ण डावीकडे, मग हळू पुढे. एवढंच करायचं होतं.

रुपेर्तो माझ्या शेजारी पायरीवर बसला होता. त्याने एक एक करून दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर घट्ट बसला. मला वाटलं त्याला थंडी वाजतेय. नंतर कळलं की हात आपोआप उठत होते.

"बोला ना काहीतरी," मी म्हणाले.

"बोललो तर ती निघेल," तो म्हणाला. "आणि निघाली तर बाई पुन्हा लिहितील, जातो."

बावन्न मिनिटांनी नोर्बेर्तोची बायको तीन पिशव्या घेऊन आली. पिकअप हलला. ओयार्सूनबाई खाली उतरल्या, केस सरळ केले, पिकअपकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि भर रस्त्यात वही उघडून लिहिलं. काय लिहिलं ते कोणी विचारलं नाही.

निर्णय दोन आठवड्यांनी आला. वळणापासून वरपर्यंत आणि खांबासमोर गाड्या बंद. खालच्या दहा गाड्या राहतील. बाकीच्यांना शाळेचं मैदान, संध्याकाळी सहा ते सकाळी सात. माझी गाडी सातवी, म्हणजे वाचली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. ओतिलियाची वळणावरची गेली.

गल्लीने रुपेर्तोला लगेच माफ केलं नाही. एम्पानादा बंद झाल्या. नोर्बेर्तोने त्याचे केस इतके आखूड कापले की तो महिनाभर टोपी घालून फिरला. ओतिलियाने त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढायची, पण "भाजी, त्याला सांग, ताट संपव म्हणून," असं भाजीशीच बोलायची. कॅप्टनने मात्र त्याला मिठी मारली, आणि रुपेर्तोने दुसऱ्याच दिवशी स्टिअरिंग याकेलीनच्या हाती दिलं. गाडीबंदीचा पिवळा पट्टा मारलेल्या रस्त्यावरून ती बंब कसा नेते हे बघायला तो पायऱ्यांवर बसतो. नेते छानच. फक्त गिअर उशिरा बदलते, असं त्याचं मत.

आता गंमत अशी की मोकळी जागा आमच्या लोकांना बघवत नाही. पिवळा पट्टा मारून आठवडा झाला नाही तोच तिथे कुंड्या आल्या, मग दोन खुर्च्या, मग एक कपडे वाळत घालायची घोडी. रुपेर्तो रोज सकाळी फिरून एकेक वस्तू भिंतीला लावतो. दमदाटी करत नाही, गप्पा मारत मारत ढकलतो. सगळ्यात जड कुंडी ओतिलियाची. वळणावर, बरोब्बर तिच्या गाडीच्या जागी, लिंबाचं झाड. ती रात्रीतून पुढे सरकवते, तो सकाळी मागे सरकवतो. बोलणं अजून भाजीमार्फतच.

काल मी खिडकीतून पाहिलं. तो कुंडीपाशी उभा राहिला, झाडाच्या पानांवरची धूळ पुसली, घरून आणलेल्या तांब्यातून पाणी घातलं, आणि मग कंबर वाकवून ती भिंतीकडे ढकलायला लागला. आतून ओतिलियाचा आवाज आला, "कंबर सांभाळ, मूर्खा!"