गाऱ्हाणं घालताना तुटलेली लाइन

परळच्या आमच्या खोलीत गणपतीची आरती संपली की बाबा गाऱ्हाणं घालत. आम्ही कोकणातले. घरातल्या मोठ्या पुरुषाने देवाला मालवणीत मोठ्याने सांगायचं, मागायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. बाबांचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे जिन्यातूनच व्हय म्हणत.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. गाऱ्हाणं थोरल्याकडे आलं, म्हणजे माझ्याकडे.

मी युरोपात नोकरीला. नुकतंच घर बदललं होतं, इंटरनेटची लाइन यायला वेळ होता. सामान हलवताना फोन फुटलेला. उरला लॅपटॉप. चतुर्थी रविवारी, म्हणजे ऑफिसही बंद.

“डोंगल घे ना रे,” ऑफिसच्या फोनवर धाकटा भाऊ म्हणाला. “हातापाया पडून इकडे ये म्हणत नाही तुला. नुसतं तोंड दाखव.”

दुकानातल्या मुलीने पासपोर्ट बघितला, पत्ता विचारला, मग विचारलं, किती दिवस राहणार? महिन्यापुरतं घेतलं तर डोंगल विकत घ्यावं लागणार होतं, दोन वर्षांच्या करारावर ते फुकट. “दोन वर्षं,” मी म्हणालो. अडखळलोही नाही. परत जायचं नाही हे माझं ठरून गेलं होतं. ऑफिसला कळवलं होतं, परळला नाही.

शनिवारी लॅपटॉपला डोंगल लावून बघितलं. धाकट्याने मला टीव्हीवर घेतलं होतं.

“आलास! थोबाड निळं दिसतंय रे, थंडीने की नेटने?”

मागे खुर्चीत बाबा. त्यांनी डावा हात वर नेला, विमानासारखा आडवा धरला आणि हळूहळू खाली आणून मांडीवर टेकवला. पुन्हा तेच केलं.

“सकाळपासून हेच चाललंय,” धाकटा म्हणाला. “यंदाच्या वर्षात घरी येतो, असं देवासमोर सांग. तेवढंच हवंय त्यांना.”

“बरं,” मी म्हणालो. बाबांना मी वर्षानुवर्षं ‘येतो, येतो’ म्हणतच होतो. त्यात आणखी एक.

रविवारी आरती झाली. खोली भरलेली, दारात चपलांचा ढीग. धाकट्याची बायको म्हणाली, “दादा, आवाज येतोय, चला.” मी उभा राहिलो.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां जमली हत...”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांची नावं घेतली, दुखणी सांगितली. मग माझ्यावर यायचं होतं. बाबांचा हात वर गेला, आडवा झाला. मी देव मानत नाही. पण मी येतो म्हटल्यावर एवढी माणसं त्याला व्हय म्हणणार होती, आणि ते व्हय मला सोसणार नव्हतं. बाबांचा हात अजून वरच होता. मी डोंगल उपसलं.

डोंगलची काडी हातात गरम लागत होती. ती परत लावायला काहीच लागत नव्हतं. मी लावली नाही.

सोमवारी ऑफिसमधून धाकट्याशी बोललो. “नेट गेलं रे,” मी आधीच म्हणालो.

“कळलं ते. मी पुढचं घालायला लागलो तर बाबांनी मनगटच धरलं माझं. तू येशील म्हणून बसून राहिले टीव्हीसमोर. माणसं ताटकळली, एकेक करून गेली. शेवटी मीच घातलं. थोरलो येतलो, असं सांगून टाकलं तुझ्या वतीने. चाललं ना?”

“चाललं.”

दिवाळीनंतर बाबा गेले. मी परळला पोचलो तेव्हा धाकटा एवढंच म्हणाला, “शेवटपर्यंत हात विमानासारखा करायचे.” लाइन मीच तोडली हे सांगण्याची ती वेळ होती. मी पाणी मागितलं.

आता गाऱ्हाणं तोच घालतो. माझ्याकडे पक्की लाइन आहे. दर वर्षी मी टीव्हीवर असतो, आणि शेवटी तो बाबांच्याच चालीत म्हणतो, “थोरलो परमुलखात आसा. थंयची लाइन मधीच तुटता. ती धड रवांदे रे म्हाराजा!” खोलीभर हसू फुटतं. कोणीतरी मला ओरडतं, “तुम्ही पण बोला की!”

आणि मीही म्हणतो, व्हय म्हाराजा.