गप्प बसलेल्यांचं काय?

सभेत हात वर झाले की तो ते हात बघायचाच नाही. मान वळवून मागच्या भिंतीकडे बघायचा आणि मला हळूच विचारायचा, “गप्प बसलेत त्यांचं काय?”

बाहत्तरच्या दुष्काळात मी सोनईजवळच्या एका गावात ग्रामसेवक होतो. हा माझ्याच वयाचा सरकारी अधिकारी टांझानियातून आमच्या पंचायतीचा कारभार शिकायला चार महिन्यांसाठी आला होता. काय शिकणार, देव जाणे. मी तर सभेच्या आधीच वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून ठेवणारा. त्याला अर्थ सांगितला तर तो हसला नाही, नुसता घड्याळाकडे बघत राहिला; सभेला अजून तासभर होता. मला लाज वाटली.

मोडकंतोडकं मराठी तो महिन्याभरात शिकला. त्यांच्याकडे पीठ शिजवून घट्ट गोळा खातात, म्हणून आमच्या भाकरीला म्हणायचा, “उगाच थापत बसता.” घोडेगावच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करणारे व्यापारी त्यानं तासभर पाहिले. “भाऊसाहेब, इथं तर गप्प माणसंच बोलतायत,” म्हणाला. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

एका दुपारी शेंगा फोडता फोडता त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याच्या देशात विखुरलेली घरं एकत्र आणून नवी गावं वसवत होते. शाळा, दवाखाना, सगळ्यांची मिळून शेती. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. स्वतःच्या गावच्या सभेत त्यानंच हात वर करवले होते.

“आई मागं बसली होती. गप्प. मी तिचं ‘हो’ धरलं.”

परत गेल्यावर तिचं घर हलवायच्या हुकुमावर त्याचीच सही व्हायची होती.

पुढच्या आठवड्यात सार्वजनिक विहिरीची जागा ठरवायला सभा भरली. सरपंचांनी आपल्या मळ्याजवळची जागा सुचवली, लगेच “मंजूर, मंजूर” झालं. पाहुण्यानं मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. मला काय झालं कोण जाणे, मीच उठून मागं गप्प बसलेल्या, गावाबाहेरच्या वस्तीवरच्या एका म्हातारीला विचारलं.

“लई लांब पडंल, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “दिसाला धा खेपा कोन मारील?”

सरपंच आठ दिवस माझ्यावर घुश्शात होते, पण विहीर वस्तीजवळ धरली. चार महिने संपले, तो परत निघाला, तेव्हा एस्टी स्टँडवर त्यानं माझी वही मागून घेतली. पुढच्या सभेचं पान कोरं होतं. त्यानं ते दोनदा उलटून पाहिलं आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.

विहिरीला पाणी लागलं त्याच सुमारास त्याचं पत्र आलं. मी ते म्हातारीला विहिरीवरच वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, “आईला विचारलं. ती नको म्हणाली. वडिलांची कबर दाराशी आहे. मी वर तसंच कळवलं. वरच्यांनी कुरकुरत ऐकलं. नवं गाव होतंय, पण तिचं घर जागेवरच राहिलं.”

म्हातारीनं भरलेला पोहरा काठावर टेकवला.

“त्येच्या आईला कळवा, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “म्हनावं, हितं पानी गोड लागलं.”