पाठमोरी सूर्यफुलं

माळीकाकांच्या परवानगीशिवाय बंगल्याच्या बागेत पानही हलत नाही, असं मालकीणबाई म्हणायच्या. अतिशयोक्ती होती, पण फार नाही. नवा वाफा आखायचा म्हटलं की काका आधी वरच्या गच्चीत जाऊन उभे राहत. मालक मंडळींना चहा घेताना काय दिसेल ते बघत आणि मग खाली येऊन खुंट्या ठोकत, दोरी ताणत. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. गच्चीतून बाग अशी दिसे की पाहुण्यांचे चहा गार होत.

या बागेतलं एकही फूल जिला काम करताना दिसत नसे, ती म्हणजे काकांची बायको. त्याच बंगल्यात ती स्वयंपाकाला होती. तिच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून नुसती ओसाड जमीन दिसे. "तुमची बाग मला तुमच्या बुटांच्या चिखलावरूनच ठाऊक," ती म्हणे. काका लग्न झाल्यापासून तिला सांगत आले होते, "तुझ्या खिडकीसमोर वाफा करतो." पण दरवर्षी गच्चीसमोरचं काही ना काही काम निघे आणि वाफा राहून जाई. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

यंदा मात्र तिचे गुडघे कुरकुरू लागले. हंगाम संपला की काम सोडणार, असं तिनं सांगून टाकलं. काकांनी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

त्यांनी खिडकीबाहेरची जमीन खणली, खत घातलं आणि तिला आवडतात म्हणून सूर्यफुलं लावली. पडदा उघडायचा नाही आणि या बाजूनं यायचंही नाही, अशी तिला ताकीद दिली. म्हातारचळ लागलाय म्हणत तिनंही ती पाळली. रोज सकाळी वाफ्यापलीकडच्या आपल्या खोलीकडून बंगल्यात येताना काका वाफा बघत आणि मिशीत हसत. सगळी फुलं उमलली तेव्हा त्यांनी तिला ओट्यापाशी उभं केलं आणि पडदा सारला.

खिडकीभर हिरव्या पाठी. सगळी फुलं उगवतीकडे तोंड करून उभी होती आणि उगवत वाफ्याच्या पलीकडे होती. पुरतं उमललेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरत नाही, उगवतीकडेच बघत राहतं. गच्ची होती बागेच्या पूर्वेला, त्यामुळे तिथली सूर्यफुलं आपसूक मालकांकडे बघत. काकांना इतकी वर्षं वाटत होतं, ही आपल्याच दोरीची करामत.

काका मटकन स्टुलावर बसले. "चुकलं गं माझं."

ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, त्यांचं काय चुकलं? मीही जन्मभर तुमची पाठच बघत आले. वळण घरचंच."

मग तिनं मटारची टोपली उचलली, बाहेर गेली आणि वाफ्याला वळसा घालून पलीकडे पालथ्या बादलीवर बसली. तिच्यासमोर तोंडभर हसणारी फुलंच फुलं. काकांनीही दुसरी बादली ओढली आणि शेंगा सोलायला घेतल्या. त्यांना इतकं बरं वाटलं की गच्चीखालचं अर्धं कापलेलं कुंपण ते साफ विसरले.

थोड्या वेळानं देठांमधून खिडकीत मालकीणबाई दिसल्या. चहा कुठे राहिला, ते बघायला आल्या होत्या. काका सवयीनं उठू लागले, तेवढ्यात बायकोनं त्यांची बाही धरली.

"बसा हो. आज पाठी त्यांना बघू दे."

काका बसले.