नव्या डिस्कवरचं एशराट

आमचं एशराट गाव आता जमिनीवर नाही. तपकिरी कोळशाच्या खाणीनं ते खाल्लं. तिथं आज एवढा खड्डा आहे, की पलीकडच्या काठावरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसतात. आम्हाला थोडं लांब, बीटाच्या सपाट शेतात नवं गाव बांधून दिलं. रस्त्यांना जुनीच नावं ठेवली, पाट्यासुद्धा उपटून आणून रोवल्या. शेजारी मात्र चिठ्ठ्या टाकून वाटावेत तसे वाटले गेले.

वीनांद कोर्स्टन त्याच खाणीत वायरमन होता. ज्या यंत्रानं त्याच्या आईचं घर ओरबाडून नेलं, त्या यंत्राचे दिवे पेटते ठेवणं हे त्याचं काम. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण तो बिअर प्यायला आला, की बाकावरची माणसं सरकायला जरा वेळ लावायची. तो वेळ त्याला कळायचा.

निवृत्त झाल्यावर त्यानं रेकॉर्डर घेतला आणि म्हाताऱ्यांच्या दारी फिरू लागला. जुन्या गावातली घरं एकामागून एक सांगा, म्हणायचा. कोणाचा उंबरा झिजला होता, कोणाच्या कुत्र्याला कोण घाबरायचं, सगळं. त्यात सर्वांत मोठं धन होतं याकोब थेविसेनचं. याकोब जन्मभर टपाल वाटत होता. डोळे मिटून तो खुर्चीत बसला आणि चर्चपासून ओढ्यापर्यंत एकेक दार ठोठावत बोलला. पुढच्याच हिवाळ्यात तो गेला.

हे सगळे आवाज आमच्या स्मृतिमंडळाच्या एका लॅपटॉपमध्ये होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. वीनांदची मुलगी गुडुला कोलोनला असते. तिनं कितीदा सांगितलं, की बाबा, इंटरनेटवर एक प्रत ठेवा.

"एकदा आपलं गाव दुसऱ्याच्या ताब्यात दिलं ना," वीनांद म्हणाला, "तेवढं पुरे झालं."

लॅपटॉप म्हातारा झाला होता. तो सुरू होईपर्यंत बटाटे सोलून व्हायचे. गावजत्रेच्या दिवशी मंडळात सगळ्यांना हे आवाज ऐकवायचे ठरले होते, आणि वीनांदला ती वाट बघायला लावणारी कासवाची चाल नको होती. त्यानं जुनी फिरती डिस्क काढून नवी, झटपट चालणारी एसएसडी डिस्क बसवायचं ठरवलं. गुडुला म्हणाली, रविवारी येते, दोघं मिळून करू. वायरीच्या कामाला वीनांदनं कधी कुणाला बोलावलं नव्हतं.

आमच्याकडे बहुतेकांच्या डिस्कचे दोन भाग केलेले असतात. एकात यंत्रणा आणि प्रोग्रॅम, दुसऱ्यात माणसाचं स्वतःचं सामान. वीनांदनंही तसेच केले होते. नवी डिस्क केबलनं जोडून त्यानं हलवाहलवीचा प्रोग्रॅम लावला. पूर्ण डिस्क हलवायची, की नुसती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्रणेचा भाग, असं प्रोग्रॅमनं विचारलं. त्यानं सिस्टिम निवडली. त्याच्या लेखी तीच तर सगळं चालवत होती; ती गेली म्हणजे बाकीचं मागोमाग गेलंच. मग नवी डिस्क आत बसवून बटण दाबलं, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत पडदा उजळला. पडद्यावर 'जुनं गाव' ही खूण होती तिथंच होती. ती नुसती वाट दाखवणारी खूण होती. तिच्यामागचं सामान डिस्कच्या दुसऱ्या भागात होतं, आणि तो भाग हललाच नव्हता. वीनांदनं ती उघडून पाहिली नाही. पाटी जागेवर दिसली, तेवढ्यावर त्याचं समाधान झालं.

मंडळाचा नियम असा, की सभासदांची खासगी माहिती असलेली जुनी डिस्क दोन माणसांसमोर नष्ट करायची. वीनांदबरोबर दुसरा मी होतो. त्यानं डिस्क पकडीत आवळली आणि ड्रिल लावलं. आतल्या चकत्या काचेच्या निघाल्या. चुरा टेबलावर पडला, तो त्यानं ब्रशनं नीट गोळा केला. काम चोख झालं होतं.

जत्रेच्या दिवशी मंडळात बटाट्याच्या धिरड्यांचा वास भरला होता. याकोबची बायको आडेले पहिल्या रांगेत, केस सेट करून बसली होती. नवऱ्याचा आवाज ऐकायला ती शेजारणीचं कानाचं यंत्र मागून घेऊन आली होती. वीनांदनं लॅपटॉप उघडला, तो लगेच सुरू झाला, आणि लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग त्यानं खुणेवर दाबलं. ही जागा सापडत नाही, असं पडद्यावर आलं. त्यानं परत दाबलं. ते परत आलं, तितक्याच तत्परतेनं.

आडेलेनं बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "जुना होता तो निदान बटाटे तरी सोलू द्यायचा रे, वीनांद. हा नाही म्हणायलासुद्धा वेळ घेत नाही."

मागून कुणीतरी हळू म्हणालं, की यानं गाव दुसऱ्यांदा खणलं. वीनांदनं ते ऐकलं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि टेबलावरचे कागदी कप एकात एक घालत राहिला.

डिस्कचा चुरा पाकिटात घालून, बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत काढून देणाऱ्या शहरातल्या माणसाकडे नेला. त्यानं पाकीट न उघडताच परत दिलं.

महिन्याभरानं वीनांद मला घेऊन आडेलेकडे गेला. याकोबचा आवाज तर आता मिळणार नव्हता, पण टपालाचा रस्ता तिलाही पाठ होता. तिनं आधी नाही म्हटलं. एकदा सांगून झालंय, म्हणाली. मग कॉफी ओतली आणि डोळे मिटून चर्चपासून सुरुवात केली.

उजवीकडे काम्प्स, त्यांच्या पलीकडे फ्रेंकेन, मग पांढऱ्या कठड्याचं घर. मी वीनांदकडे पाहिलं. ही घरं नव्या गावातली होती. जुन्या एशराटमध्ये चर्चच्या उजवीकडे पाववाला होता, आणि त्याच्या मागं वीनांदच्या आईचं घर. मी तोंड उघडलं, तर त्यानं हात आडवा धरला.

"आणि याकोबकाका ओढ्याकडे कुठून वळायचे, मावशी?" त्यानं विचारलं.

"बसथांब्यापासून," आडेले म्हणाली. "तुला माहीत नाही होय?"

जुन्या एशराटला बस कधी आलीच नव्हती. वीनांदनं मान डोलावली, आणि रेकॉर्डर तिच्याजवळ आणखी थोडा सरकवला.